परसातील फुले आणि त्यांचे पाहुणे

मराठवाड्याच्या प्रवासाची गोष्ट निघाली म्हणजे वेरूळ, अजिंठा व दौलताबाद ही नावे प्रथम तोंडी येतात. ज्यांच्या घरी देवीचा कुळधर्म आहे ते तुळजापूरचे नाव घेतात. भूमचे नाव सहसा कोणी घेत नाही. धाराशिव जिल्ह्याच्या वायव्य भागात, बालाघाटाच्या डोंगररांगेत हे तालुक्याचे गाव वसले आहे. किल्ला पाहावयाचा तर शेजारच्या परंड्यास जावे लागते. तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे व तेथे दूरदूरचे यात्रेकरू येतात. एरव्ही बाहेरच्या जगास भूम ठाऊक आहे ते खव्यासाठी. कोरडवाहू मुलखात पिकाचा भरवसा नाही; तेव्हा लोकांनी म्हशींवर भिस्त ठेवली आणि दुधाचा खवा होऊ लागला, हे ओघानेच आले.

आम्ही भूमला गेलो ते ह्यांपैकी कशासाठीच नव्हे. आमचे एक स्नेही तेथे शिक्षक आहेत. आपल्या परसातील फुले व त्यांवर येणारे किडे यांची छायाचित्रे घेण्याचा नाद त्यांस काही वर्षांपासून जडला आहे. ते परस एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढ्याच हेतूने आश्विनाच्या आरंभी आम्ही चार दिवस तेथे जाऊन राहिलो. माश्या पाहावयास इतक्या लांब कशास जावयाचे, माश्या घरी काय थोड्या आहेत, असा प्रश्न आम्हांस निघताना विचारण्यात आला. त्याचे उत्तर प्रस्तुत लेखात मिळेल अशी आशा आहे.

कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आगगाडी आहे. हाच तो एके काळी प्रसिद्ध असलेला बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग. १८९७ साली तो अरुंद रुळांवर सुरू झाला, आणि आता तेथे रुंद रूळ आहेत. बार्शीहून पुढे मोटार. बार्शी इंग्रजी अमलात होती व भूम निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ह्या लहानशा प्रवासात राज्य बदलत असे. आता बदलते ती केवळ जमीन. काळी रानटी माती मागे पडते, मुरमाचे माळ लागतात, आणि माळावर कुसळी गवत व तरवड. पिवळ्या फुलांनी डवरलेले तरवडाचे झुडूप दख्खनच्या प्रत्येक माळावर आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पुढे परसात जे ऐकावयास मिळाले त्याची पहिली चुणूक ह्या तरवडापाशीच मिळाली. तथापि ती गोष्ट यथाक्रम सांगू.

घर जुन्या वळणाचे, दगडी भिंतींचे, वर पांढऱ्या मातीचे माळवद. मागे परस, ते मोजून चार खणांच्या ओसरीएवढे. त्यात तुळशीवृंदावन, पारिजातक, तांबडी जास्वंद, कागदी लिंबू, कढीलिंब, गुलबक्षी, झेंडू, दहा-बारा वांग्यांची झाडे, आणि मांडवावर भोपळा, गिलके (आपण ज्यास घोसाळे म्हणतो ते) व दोडका. कुंपणालगत रुई, आघाडा, डोरली व माका आपापल्या मनाने उगवले आहेत. गणपतीच्या एकवीस पत्रींसाठी ते उपटावयाचे नाहीत असा ह्या घराचा जुना दंडक आहे. बागेस पाणी न्हाणीचे व भांडी विसळल्याचे. उन्हाळ्यात तेही मोजून मिळते. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आजी घरात आहेत, तेव्हा पाण्याची उधळपट्टी येथे संभवतच नाही.

छायाचित्रणाची सामग्रीही अशीच बेताची. एक जुना कॅमेरा, जवळचे मोठे करून दाखविणारे एक भिंग, एक काळी छत्री, आणि कपडे वाळत घालण्याचा चिमटा बांधलेली बांबूची कामटी. ही कामटी जमिनीत रोवून चिमट्यात फुलाचा देठ धरला की वाऱ्याने फूल हलत नाही. पांढऱ्या फुलावर ऊन पडले म्हणजे चित्रात नुसता पांढरा डाग उमटतो. त्यावर छत्रीची सावली धरावयाची. भिंग जितके जवळ न्यावे तितका स्पष्ट दिसणारा भाग पातळ होत जातो. माशीचा डोळा रेखीव आला तर पंख धुरकट येतो. म्हणून छिद्र लहान ठेवून माशीच्या अंगाशी समांतर कॅमेरा धरण्याची सवय करावी लागते. हे सर्व कोणासही महिनाभरात साधेल. साधत नाही ते स्वस्थ बसणे. स्नेह्यांचा नियम असा की किड्यामागे धावावयाचे नाही. एक फूल निवडून त्यापुढे पाट टाकून बसावयाचे, आणि जो येईल त्याचे स्वागत करावयाचे. कित्येक हौशी लोक किड्यास बर्फाच्या पेटीत घालून बधिर करतात व मग फुलावर नेऊन ठेवतात, असे ऐकतो. असले चित्र कितीही सुबक निघो, त्यात पाहावयास काहीच उरत नाही. मूर्च्छित पाहुण्याचे छायाचित्र कोणी संग्रही ठेवील काय?

पहाटे सूर्योदयापूर्वी आम्ही परसात उतरलो तेव्हा भोपळ्याची फुले उघडत होती. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दहा वाजण्याच्या सुमारास मिटते. त्या तीन-चार तासांत जे व्हावयाचे ते झाले पाहिजे. ह्या वेलीवर नर व मादी फुले निराळी असतात. मादी फुलाच्या खाली सुपारीएवढा भोपळा आधीच दिसतो. नर फुलाखाली नुसता लांब देठ. परंतु नराचा पराग मादीपर्यंत कोणी तरी नेला नाही, तर ती सुपारी पिवळी पडून गळून जाते. सातेरी माशी नर फुलात शिरली व बाहेर आली ती पिठाच्या डब्यात पडलेल्या मुलासारखी. लगेच स्नेह्यांनी तिचे चित्र घेतले. ते मोठे करून पाहता तिच्या अंगावरील केसाकेसात परागाचे गोल दाणे अडकलेले स्पष्ट दिसले.

ह्या फुलावरून घरात पूर्वी थोडा वाद होता. सूनबाई भोपळ्याच्या फुलांची भजी फार उत्तम करतात, व त्यासाठी पहाटेच टवटवीत फुले खुडून आणीत. वेल फोफावे, फुले येत, फळ मात्र धरत नसे. खताचे दोन-तीन प्रयोग झाले. पुढे छायाचित्रांच्या वहीतून उलगडा झाला: ज्या दिवशीच्या नोंदीत नर फूल नाही, त्या दिवशीच्या मादीचे फळ नाही. तेव्हापासून भज्यांस फुले घ्यावयाची ती मिटू लागल्यावर, दहानंतर, आणि नराचीच. झडीच्या दिवसांत माश्या येत नाहीत. त्या वेळी सूनबाई स्वतः नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, त्याचा मधला दांडा मादी फुलाच्या मध्यभागी फिरवितात. हे काम आठाच्या आत उरकावे लागते. आमच्या वाचकभगिनींपैकी ज्यांच्या मांडवावरील भोपळा गळतो, त्यांनी हा उपाय अवश्य करून पाहावा.

ऊन वर आले म्हणजे वांग्यांपाशी जावयाचे. येथे आधी कान देऊन ऐकावे लागते. वांग्याच्या जांभळ्या फुलातील पिवळे परागकोश इतर फुलांप्रमाणे उकलत नाहीत. त्यांच्या टोकाशी बारीक छिद्रे असतात, मिठाच्या डबीसारखी. मध तर ह्या फुलात नाहीच. पोटावर निळसर पट्टे असलेली एक एकलकोंडी माशी येते, फुलास मिठी मारते, पंख न हलविता छातीचे स्नायू थरथरविते, आणि तिचा गुणगुणाट एकाएकी वरच्या सुरात चढतो. त्या थरथरीने छिद्रांतून पराग खाली सांडतो. मोठा काळा भुंगाही हेच करतो. मधमाशीस ही विद्या येत नाही. तरवडाच्या फुलावर आम्ही वाटेत जो चढा सूर ऐकला होता तो ह्याच जातीचा. छायाचित्रात आवाज येत नाही हे खरे. परंतु ज्या क्षणी सूर चढतो त्याच क्षणी कळ दाबली, तर माशीच्या पोटाखाली परागाचा लहानसा ढग टिपता येतो. असे एक चित्र स्नेह्यांच्या संग्रही आहे, आणि ते मिळविण्यास त्यांस दोन हंगाम लागले.

ह्याच माशीचे नर रात्री कसे झोपतात, हे आम्ही दुसऱ्या दिवशी उजाडताना पाहिले. त्यांस घर नसते. आघाड्याच्या एका वाळक्या काडीस सहा-सात नर केवळ जबड्यांनी चावा घेऊन, पाय पोटाशी घेऊन ओळीने लटकले होते. अंगावर दव. ऊन लागून अंग तापेपर्यंत ते हलत नाहीत. तेव्हा छायाचित्रकारास ह्याहून सोयीचा पाहुणा मिळावयाचा नाही. कुंपण साफ करणाऱ्या उत्साही माणसाने ती काडी केव्हाच उपटून टाकली असती.

भुंगा रुईवर येतो. आपल्याकडे काव्यात भुंग्याची गाठ नेहमी कमळाशी घातलेली; लाकूड पोखरणारा हा वीर कमळाच्या पाकळीत मात्र कैद होतो, ही कल्पना किती पिढ्यांनी घोळली आहे! लाकूड पोखरण्याची गोष्ट खरी आहे. ओसरीच्या वाशात त्याने केलेली गोल भोके आम्हांस दाखविण्यात आली. परंतु रुईच्या फुलाशी त्याचा जो व्यवहार चालतो तो कमळाच्या कथेहून नवलाचा आहे. रुईचा पराग सुटा नसतो. त्याच्या दोन पिवळ्या चपट्या गोळ्या एका चिमट्यास जोडलेल्या असतात. भुंगा मधासाठी फुलावर बसला की त्याचा पाय फुलाच्या खाचेत शिरतो व निघताना तो चिमटा पायास अडकवून आणतो. उघड्या डोळ्यांस ह्यातले काहीच दिसत नाही. चित्रात मात्र भुंग्याच्या काळ्या पायास पैंजणाचे घुंगरू अडकावे तशी ती जोडी दिसते. आमच्या मते सबंध संग्रहातील हे सर्वांत मोलाचे चित्र होय, जरी त्यात भुंग्याचे डोके अर्धे कापले गेले आहे.

रुईच्याच पानांवर काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळी असते. रुईच्या चिकातील विष ती अंगात साठविते. तिच्यापासून होणारे नारिंगी फुलपाखरू पक्ष्यांस कडू लागते व ते त्याच्या वाटेस जात नाहीत. लिंबावरील अळीचे सोंग निराळे. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते; डिवचले असता डोक्यामागून तांबूस नारिंगी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. तिचे फुलपाखरू काळ्या-पिवळ्या नक्षीचे, मोठे देखणे. राणी पाकोळी ह्या फुलपाखरास २०१५ साली महाराष्ट्राने राज्य-फुलपाखराचा मान दिला. तिचे खरे घर सह्याद्रीचे झाडीचे उतार. बालाघाटाच्या कोरड्या हवेत तिची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. लिंबावरचे हे फुलपाखरू तिच्याच कुळातील आहे, व तेही काही कमी नाही. नावे लावण्यासाठी स्नेह्यांनी आयझॅक किहिमकर यांचे २००८ साली प्रसिद्ध झालेले भारतीय फुलपाखरांवरील इंग्रजी पुस्तक जवळ बाळगले आहे. लिंबाचे रोप अळ्यांनी खाल्ले म्हणजे औषध मारावे की नाही, हा प्रश्न येथेही आला होता. आता अशी तडजोड आहे की कोवळे रोप जाळीने झाकावयाचे आणि मोठ्या झाडाची पाने अळ्यांस मोकळी सोडावयाची.

ज्या मनुष्याच्या उदाहरणाने आमच्या स्नेह्यांस हा नाद लागला, त्याचे नाव येथे घेतले पाहिजे. फ्रान्स देशातील झाँ आंरी फाब्र (१८२३–१९१५) हाही शाळामास्तरच. १८७९ साली त्याने सेरिन्यां गावाजवळ घर व त्याभोवतीची दगडगोट्यांची, कशासच न उपयोगी अशी पडीक जमीन घेतली, आणि उरलेले आयुष्य तेथल्या गांधीलमाश्या, भुंगेरे व कोळी पाहण्यात घालविले. त्याच्या निरीक्षणांचे दहा खंड झाले. पुढील सचित्र आवृत्तीतील छायाचित्रे त्याच्या पोल आंरी नावाच्या मुलाने घेतलेली आहेत. म्हणजे परसातले किडे आणि घरातला कॅमेरा ही जोडी आजची नव्हे. भूमच्या मुरमाड परसात बसून फाब्र वाचताना ती जमीन परकी वाटत नाही, असे स्नेही म्हणतात.

आता आजींविषयी. आजींचा चातुर्मासात लक्ष फुलांचा नेम असतो. पूर्वी उजाडण्याच्या आत परडी घेऊन त्या परसभर फिरत व सूर्य उगवेपर्यंत झाडावर एक फूल उरत नसे. मुलाचा कॅमेरा आला तेव्हा झाडे रिकामी आणि माश्या उपाशी, असा प्रकार. देवासाठी खुडलेल्या फुलाविषयी आईशी वाद घालण्याचे धैर्य आपल्या घरांतून सहसा कोणास होत नाही. स्नेह्यांनीही तो घातला नाही. त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर आईस दिवसाची चित्रे दाखविण्याचा परिपाठ ठेवला, एवढेच. तुळशीच्या मंजिरीवर ओळीने बसलेल्या फुलोरी माश्यांचे चित्र पाहून आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अरे, मी मंजिऱ्या खुडते त्या दिवशी ह्या कुठं जातात रे?”

त्यानंतर परसाची वाटणी आजींनी स्वतःच केली. वृंदावनातील तुळस देवाची. मागच्या आळ्यात लावलेल्या चार तुळशींच्या मंजिरीस हात लावावयाचा नाही. जास्वंद खुशाल खुडावी. मधमाशीस तांबडा रंग दिसत नाही, तो तिला काळसर भासतो. कार्ल फोन फ्रिश ह्या शास्त्रज्ञाने १९१४ साली मधमाशीस रंग ओळखता येतात हे सिद्ध केले, तेव्हाच ही तिची उणीवही दिसून आली होती. जास्वंदीवर येतो तो बहुधा शिंजीर. त्याच्यासाठी उंच फांद्यांवरील फुले राहतात, आणि तेथवर आजींचा हात पोहोचत नाही. दसऱ्यास लागणारा मोठा गोंडेदार झेंडूही खुडण्यास मोकळा. पाकळ्यांच्या दाटीत माशीस त्यातून काही मिळत नाही. एकेरी पाकळ्यांचा गावठी झेंडू मात्र अर्धा ठेवावयाचा. ह्या झेंडूवर एक माशी कितीतरी वेळ निश्चल बसलेली पाहून आम्ही चकित झालो. चित्र मोठे करता तिच्या मानेस फुलाच्याच रंगाचा, खेकड्यासारखा तिरपा चालणारा कोळी चिकटलेला निघाला. ते चित्र आजींस आवडले नाही.

राहिला पारिजातक. लाखोलीची सारी भिस्त आता त्याच्यावर आहे. इतर फुले जमिनीवर पडलेली देवास चालत नाहीत. पारिजातकाची चालतात, हा आपल्या पूजेतील एक अपवाद आहे. हे फूल रात्री उमलते. पांढरा रंग व गंध ही रात्रीच्या पतंगांसाठी केलेली योजना. पहाटे गळते तो केशरी देठाचा पाकळ्यांचा पेला, आत पुंकेसर चिकटलेले. बीज धरणारा भाग मागे फांदीवरच राहतो व त्याचीच पुढे चपटी बोंडे होतात. म्हणजे सडा वेचल्याने झाडाचे वा पाहुण्याचे काहीच हिरावले जात नाही. हे समजावून दिले तेव्हा आजी म्हणाल्या, “ते आम्हांला बोंडं पाहून ठाऊक होतं. तुमची फोटो काढून खात्री झाली, बरं झालं.”

गावाबाहेर शेतात काय चालते तेही सांगितले पाहिजे, कारण परसातील पाहुणे शेतातूनच येतात. सोयाबीन आपले फळ बहुतांशी आपणच धरते. परंतु सूर्यफूल, तीळ, कारळे व करडई यांस माशीचा हात लागतोच. फवारणी बहुधा सकाळी होते, म्हणजे माश्या फुलांवर असतात त्याच वेळी. शेजारच्या एका रानात फवारणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी स्नेह्यांच्या वहीत सातेरीची एकही नोंद नाही. पुढील आठ दिवस नाही. ती पाने त्यांनी त्या शेतकऱ्यास नेऊन दाखविली. तो भला मनुष्य होता. त्याने फवारणी सायंकाळवर नेली. वहीचे महत्त्व आमच्या मते चित्रांहून अधिक आहे. प्रत्येक चित्रापुढे तारीख, वेळ, झाड व हवा लिहिलेली असते. गेल्या वर्षी पाऊस उशिरा आला तेव्हा कोण उशिरा आले, हे त्या वहीवरून सांगता येते.

शेवटच्या सायंकाळी आम्ही दोडक्याच्या मांडवाखाली बसलो. गिलके पहाटे उमलते, आणि त्याचेच भावंड दोडका सायंकाळी. एकाच मांडवावर दोन पाळ्या. त्याच सुमारास गुलबक्षीही उघडते. ही मूळची अमेरिकेची, परंतु आपल्या परसात इतकी रुळली की तिला परकी म्हणवत नाही. तिची नळी लांब, मध तळाशी. तेथवर पोहोचावयास लांब सोंडेचा पतंगच पाहिजे. मादागास्कर बेटातील एका आमरीची सुमारे फूटभर लांब मधाची नळी पाहून डार्विनने १८६२ साली लिहिले होते की तितक्या लांब सोंडेचा पतंग तेथे असलाच पाहिजे. तो १९०३ साली शास्त्रज्ञांच्या हाती लागला. आमचा पतंग इतकी वाट पाहावयास लावणारा नव्हता. स्नेह्यांनी विजेरीस तांबडा कागद गुंडाळला. बहुतेक कीटकांस तांबडा उजेड जाणवत नाही. साडेसातच्या सुमारास राखी रंगाचा एक मोठा पतंग आला व फुलावर न बसता, अधांतरी थांबून, सोंड उलगडून प्यावयास लागला. पंख दिसत नव्हते, नुसता वारा जाणवत होता. स्नेह्यांनी चार वेळा कळ दाबली. पाचव्या फुलावरून तो कुंपणापलीकडे गेला, आणि आतून सूनबाईंनी पाने मांडल्याची हाक दिली. चारांपैकी एका चित्रात सोंड स्पष्ट आली आहे. वहीत त्यापुढे वेळ लिहिली आहे, सात वाजून छत्तीस मिनिटे, आणि हवा: ढगाळ, वारा नाही.